रामप्रसादची मुलाखत आणि आपली

मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडण्यासाठी आलेल्या ग्राहकाने त्याचे कारण सांगितलेच पाहिजे असे नाही. तरीही वर्षानुवर्षे पै-पैसा साठविणारा जुना ग्राहक एके दिवशी अचानक पावती घेऊन समोर उभा राहिला, म्हणजे खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाच्या मनात काळजी उत्पन्न होतेच. भिलाईतील खुर्सीपार या वस्तीतील असाच एक प्रसंग या लेखास निमित्त झाला आहे.

छत्तीसगडमधील भिलाई हे नाव उच्चारले की पोलाद कारखाना डोळ्यांसमोर येतो. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून हा कारखाना साकारला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याच्या आश्रयाने विदर्भ, आंध्र, ओडिशा, बिहार अशा नाना प्रांतांतील माणसे येथे आली आणि स्थायिक झाली. खुर्सीपार ही अशाच श्रमिकांची वस्ती आहे. येथील वडीलधाऱ्यांच्या पिढीने अंगमेहनतीच्या बळावर काम मिळविले. मुलाखत नावाचा प्रकार त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्यास आलाच नाही. त्यांच्या मुलांपुढे मात्र तो पहाडासारखा उभा आहे.

त्या दिवशी आलेले गृहस्थ ठेकेदाराकडील कामातून निवृत्त झालेले होते. घरची बोली मराठी. सोबत नुकताच पदवीधर झालेला मुलगा होता. ठेव कशासाठी मोडता, असे सहज विचारल्यावर त्यांनी घडी केलेला एक कागद पुढे केला. एका मोठ्या कारखान्यात ‘थेट भरती’ झाल्याचे ते पत्र होते आणि रुजू होण्यापूर्वी अनामत रक्कम भरावी, असे त्यात नमूद केले होते.

“परीक्षा कधी दिली होतीस?” असे मी मुलाला विचारले. परीक्षा झालीच नव्हती. मुलाखतही झाली नव्हती. वडील किंचित ओशाळून म्हणाले, “साहेब, पोरगा हुशार आहे. पण चार माणसांपुढं बसवलं की त्याची वाचाच बसते. पैसे देऊन ते टळत असेल तर टळू द्या.”

पत्र बनावट होते, हे ओळखण्यास फारसा वेळ लागला नाही आणि ठेवही मोडली गेली नाही. परंतु वडिलांचे ते वाक्य मनात रुतून राहिले. नोकरीच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीमागे केवळ लोभ असतो, असा आपला समज असतो. येथे लोभाचा लवलेश नव्हता. होती ती मुलाखतीची भीती, आणि त्या भीतीपायी एक कुटुंब आयुष्याची पुंजी देण्यास निघाले होते.

त्या मुलाचा संकोच दूर व्हावा म्हणून विचारले, “‘गोल माल’ पाहिला आहेस का? जुना, अमोल पालेकरांचा?” त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू उमटले. चित्रपट त्याने दूरदर्शन संचावर अनेकदा पाहिला होता. मग त्यातील मुलाखतीवरच आमचे बोलणे झाले. तेच येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहे.

एक चित्रपट, एक मुलाखत

हृषीकेश मुखर्जी दिग्दर्शित ‘गोल माल’ १९७९ साली प्रदर्शित झाला. रामप्रसादची भूमिका करणारे अमोल पालेकर हे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले चित्रकार आणि प्रायोगिक रंगभूमीवरील कलावंत. चित्रपटसृष्टीत येण्यापूर्वी त्यांनी बँक ऑफ इंडियात नोकरी केली होती, ही गोष्ट आपणा बँकवाल्यांना सुखावणारी आहे. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचे उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले, तर भवानीशंकर साकारणाऱ्या उत्पल दत्त यांना उत्कृष्ट विनोदी अभिनेत्याचे. १९८१ मध्ये या कथेवर तमिळ भाषेत ‘तिल्लू मुल्लू’ हा चित्रपट निघाला आणि त्यात रजनीकांत यांनी काम केले. प्रांत बदलला तरी कथा लोकांस आपली वाटली, कारण नोकरीची गरज कोणत्याच प्रांताला परकी नाही.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. चार्टर्ड अकाउंटंटची परीक्षा उत्तीर्ण झालेला रामप्रसाद शर्मा धाकट्या बहिणीसह राहतो. आईवडील हयात नाहीत. खेळ, गाणे, हास्यविनोद यांची त्याला मनापासून आवड आहे. डॉक्टर केदार त्याला उर्मिला ट्रेडर्स या पेढीतील जागेची वार्ता देतात आणि पेढीचे मालक भवानीशंकर यांचा स्वभावही समजावून सांगतात. या गृहस्थांना खेळाचे वेड असलेले तरुण आवडत नाहीत, छानछोकी खपत नाही, वशिला तर मुळीच चालत नाही आणि मिशी नसलेल्या पुरुषावर त्यांचा विश्वास नाही. रामप्रसाद त्यांना हवा तसा होऊन जातो आणि नोकरी मिळवितो. पुढचा सारा गोंधळ त्या यशातूनच जन्माला येतो.

आपल्याला या मुलाखतीतून घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि टाळण्यासारखेही आहे. दोहोंमधील सीमारेषा कोठे आहे, एवढेच नीट पाहावयाचे.

ओळख आणि वशिला

रामप्रसादला जागेची खबर वर्तमानपत्रातून मिळाली नाही, ती घरोबा असलेल्या डॉक्टरांनी दिली. मात्र ते त्याला बजावतात की, भवानीशंकरांपुढे माझे नाव काढू नकोस. येथे डॉक्टरांनी केवळ माहिती दिली, निवड मालकाने केली. माहिती मागणे आणि वशिला लावणे यांत हाच भेद आहे.

आपल्याकडील मध्यमवर्गीय आणि श्रमिक कुटुंबांत कोणाला नोकरीविषयी विचारण्याचा मोठा संकोच असतो. लोक काय म्हणतील, ही धास्ती असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात असे दाखविले की, नोकरीची उपयुक्त खबर सहसा अगदी जवळच्या मित्रांकडून न येता अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांकडून येते. याचे कारण सोपे आहे. जिवलग मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. दूरच्या परिचिताचे वर्तुळ निराळे, म्हणून त्याच्या कानावर येणाऱ्या वार्ताही निराळ्या.

तेव्हा आयटीआयमधील जुने शिक्षक, वडिलांचे सहकारी, दुकानदार, मंडळातील काका-मावशी यांना निःसंकोच सांगावे, “मी काम शोधतो आहे. माझे शिक्षण अमुक आहे. काही समजले तर कळवाल का?” यात कमीपणा नाही. मात्र कोणी “काम करून देतो, एवढे पैसे लागतील” असे म्हणू लागला, तर तो परिचय तेथेच थांबवावा.

गृहपाठ

रामप्रसादचा खरा गुण म्हणजे त्याचा गृहपाठ. कोठे जायचे आहे, समोर कोण बसणार आहे, त्याला कशाचे महत्त्व वाटते, हे तो आधी जाणून घेतो. इतर उमेदवार आपापल्या थाटात येतात आणि रिकाम्या हाताने परत जातात.

आपणही एवढे करू शकतो. ज्या संस्थेत मुलाखत आहे ती कशाचे उत्पादन करते किंवा कोणती सेवा देते, तिची कार्यालये कोठे आहेत, गेल्या वर्षात तिच्याविषयी कोणती ठळक वार्ता आली, आपल्या पदावर नेमके काम काय असेल, या चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून काढावीत. बँकेची मुलाखत असेल तर बचत खाते, चालू खाते, मुदत ठेव, रेपो दर आणि तारण या संज्ञा स्वतःच्या शब्दांत समजावून सांगता यायला हव्यात. पाठ केलेली व्याख्या दुसऱ्या प्रश्नालाच उघडी पडते. आजीला समजेल अशा भाषेत सांगून पाहावे. तिला समजले तर आपल्याला समजले आहे असे मानण्यास हरकत नाही.

आपल्या गावाविषयीही असाच गृहपाठ हवा. “आपण कोठले?” हा प्रश्न मुलाखतीत हटकून येतो. खुर्सीपारचा मुलगा पुष्कळदा “भिलाई” एवढेच म्हणून थांबतो, वस्तीचे नाव घेण्यास कचरतो. वास्तविक ही उत्तम संधी आहे. “आमच्या वस्तीशेजारच्या कारखान्यात भारतीय रेल्वेचे रूळ तयार होतात. तेथील आधुनिक रूळ गिरणीत १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो आणि असे दोन रूळ जोडून २६० मीटरचा पट्टा केला जातो,” असे एखाद्या उमेदवाराने सांगितले, तर मुलाखत घेणारा सरसावून बसेल. ज्या मातीत आपण वाढलो तिच्याविषयी जो डोळसपणे बोलतो, त्याच्याविषयी समोरच्याचे मत चांगलेच होते.

कुर्ता कोणाचा?

मुलाखतीसाठी रामप्रसाद आपल्या अभिनेत्या मित्राच्या साहाय्याने कुर्ता मिळवितो. तो त्याला आखूड होतो. भवानीशंकरांचे लक्ष त्याकडे जाताच, कापडाची बचत हा त्यामागील विचार असल्याचे तो गंभीर चेहऱ्याने सांगतो. प्रेक्षागृह हास्यात बुडते.

हसून झाल्यावर विचार करावा. वेश उसना असला की त्याचे समर्थन करावे लागते आणि उत्तरे देण्यात खर्च व्हावयाची बुद्धी कपडे सांभाळण्यात खर्च होते. मुलाखतीसाठी कर्ज काढून सूट शिवण्याची आवश्यकता नाही. स्वच्छ धुतलेला, इस्त्री केलेला, अंगास सरावाचा फिकट सदरा, साधी पँट, पुसलेले बूट किंवा चपला, नीट विंचरलेले केस एवढे पुरे. मुलींनी साडी किंवा सलवार-कमीज यांपैकी ज्यात सहज वावरता येईल तो पोशाख निवडावा. नवे कपडे घेतलेच, तर आदल्या दिवशी दोन तास घालून घरात बसावे. कॉलर टोचते की नाही, हे मुलाखतीच्या खुर्चीत कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे.

पेलेंचा प्रश्न

आता या मुलाखतीच्या गाभ्याकडे येऊ. भवानीशंकर उमेदवारांची परीक्षा पाहण्यासाठी ‘काळा मोती’ म्हणून विख्यात असलेल्या पेले यांच्याविषयी विचारतात. सप्टेंबर १९७७ मध्ये पेले कोलकात्यात आले होते आणि मोहन बागान संघाविरुद्धचा तो सामना २-२ असा बरोबरीत सुटला होता. त्यामुळे चित्रपट आला तेव्हा हा विषय ताजा होता. खेळवेडा उमेदवार हे नाव ऐकून खुलतो, भरभरून बोलतो आणि बाद होतो. रामप्रसाद मात्र त्या विषयातले काहीच ठाऊक नसल्याचा आव आणतो. त्याला नोकरी मिळते.

गृहपाठ आणि सोंग यांतील सीमारेषा येथे ओलांडली जाते. समोरच्याचा कल पाहून काय बोलावे आणि किती बोलावे हे ठरविणे, ही तयारी झाली. जे आपल्यात आहे ते नाहीच असे सांगणे, किंवा नाही ते आहे असे भासविणे, हे सोंग झाले. तयारी घरी सुरू होते आणि मुलाखतीबरोबर संपते. सोंग मात्र मुलाखतीच्या दिवशी सुरू होते आणि पुढे रोज वठवावे लागते.

रामप्रसादला दुसरे उत्तर देता आले नसते का? “होय, मला खेळ आवडतो. लहानपणापासून खेळतो. परंतु परीक्षेच्या काळात वेळापत्रक आखून अभ्यास केला आणि पहिल्या प्रयत्नात कशात उत्तीर्ण झालो ते माझ्या गुणपत्रिकेत दिसेल. आपल्या पेढीचे हिशेब वेळेवर पूर्ण होतील, याची हमी देतो,” असे तो म्हणू शकला असता. कदाचित भवानीशंकरांनी त्याला घालविले असते. कदाचित नसते. परंतु हिशेबात तो खरोखरच तरबेज होता, हे पुढे सिद्ध झालेच. आपल्या गुणांवर त्याचा स्वतःचाच विश्वास कमी पडला, असे म्हणावे लागते.

आपल्या मुलाखतींत हा प्रसंग निराळ्या रूपांत येतो. अर्जात ‘वाचन’ हा छंद लिहिलेला असतो आणि शेवटचे पुस्तक कोणते वाचले, या प्रश्नावर उमेदवार छताकडे पाहू लागतो. संगणकाचे ज्ञान ‘उत्तम’ असते आणि साधी बेरीज करण्याचे सूत्र येत नसते. त्यापेक्षा “मला पतंग उडवायला आवडते”, “मी घरी स्वयंपाकात आईला मदत करतो” अशी खरी उत्तरे कितीतरी तेजस्वी ठरतात. त्यांवर दहा प्रश्न आले तरी उत्तरे तयारच असतात, कारण ती जगलेली असतात.

उत्तर येत नसेल तेव्हा “क्षमा करा, हे मला ठाऊक नाही” असे स्पष्ट व शांतपणे सांगावे. या वाक्याने कोणी बाद होत नाही. थातूरमातूर उत्तराने मात्र आधीच्या चांगल्या उत्तरांवरही शंकेची छाया पडते.

खोट्याची उस्तवार

नोकरी लागल्यावर रामप्रसाद आईच्या आजारपणाची सबब सांगून हॉकीचा सामना पाहावयास जातो. तेथे साक्षात भवानीशंकर त्याला पाहतात. आता ‘तो मी नव्हेच’ हे सिद्ध करण्यासाठी जुळा भाऊ जन्मास घालावा लागतो. तो भाऊ बिनमिशीचा, म्हणून स्वतःची मिशी उतरवून रोज खोटी मिशी लावावी लागते. हयात नसलेली आई मालकांना दाखवावी लागते, म्हणून एका बाईंना आईचे सोंग घ्यावे लागते. पुढे त्या बाईंनाही जुळी बहीण द्यावी लागते. एका अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी हा सारा संसार! ‘खोट्याच्या कपाळी गोटा’ ही म्हण याहून अधिक मनोरंजकपणे कोणी समजावून सांगितली नसेल.

चित्रपटात शेवट गोड होतो. प्रत्यक्षात तो तसा होत नाही. नियुक्तीच्या वेळी मूळ गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला यांची पडताळणी होते. खोटी माहिती उघडकीस आली तर वर्षांनंतरही सेवा समाप्त होऊ शकते. बँकांच्या भरतीत कर्जफेडीचा इतिहासही पाहिला जातो. भारतीय स्टेट बँकेच्या जाहिरातींत कर्ज वा क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेल्या उमेदवारांविषयीची अट स्पष्टपणे दिलेली असते. म्हणून शैक्षणिक कर्ज घेतलेल्या युवकांनी हप्त्यांकडे दुर्लक्ष करू नये. अडचण असल्यास शाखेत येऊन वेळीच सांगावी.

जेव्हा दोष आपला नसतो

याच दशकातील आणखी एक मुलाखत आठवते. सत्यजित राय यांच्या ‘प्रतिद्वंद्वी’ (१९७०) या बंगाली चित्रपटात सिद्धार्थ या तरुणाला विचारले जाते की, गेल्या दशकातील सर्वांत महत्त्वाची घटना कोणती? तो व्हिएतनाममधील युद्ध असे उत्तर देतो. चंद्रावर मानवाने ठेवलेले पाऊल का नाही, असे विचारल्यावर तो सुसंगत कारणही सांगतो. नोकरी मिळत नाही. पुढे दुसऱ्या एका मुलाखतीच्या वेळी उमेदवारांना उकाड्यात, पुरेशा खुर्च्यांविना तिष्ठत ठेवले जाते आणि सिद्धार्थचा संयम सुटतो.

सिद्धार्थ खोटे बोलला नाही, तयारीतही कमी पडला नाही. तरीही त्याला नकार मिळाला. जागा थोड्या आणि उमेदवार अनेक असतात तेव्हा नकार हा गुणांवरील निवाडा असतोच असे नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मुलाखतीहून परतलेल्या मुलाला “काय झाले?” या प्रश्नाऐवजी आधी पाण्याचा पेला द्यावा. रात्री तो आपणहून सांगेल. उमेदवारानेही घरी आल्यावर विचारले गेलेले प्रश्न वहीत उतरवावेत. पाच मुलाखतींची अशी वही कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकाहून अधिक मोलाची ठरते.

खुर्चीच्या पलीकडे बसणाऱ्यांसाठी

या मासिकाचे अनेक वाचक आमचे सहकारी आहेत. त्यांच्यापैकी काही जण स्वतः मुलाखती घेतात, तर उद्योजक ग्राहक आपल्या दुकान-कारखान्यांसाठी माणसे निवडतात. त्यांनी भवानीशंकरांकडे आरसा म्हणून पाहावे. हा माणूस वाईट नाही. तो वशिला नाकारतो, कष्टाची कदर करतो. परंतु मिशी, कुर्ता आणि खेळाची नावड यांवरून तो माणसाची पारख करतो आणि नेमका त्यामुळेच फसतो. खरे बोलणाऱ्या उमेदवारास त्याने दाराबाहेर घालविले आणि सोंग करणाऱ्यास आत घेतले. चित्रपटाच्या शेवटी तो स्वतःच बिनमिशीचा दिसतो, यातच सारे आले.

आपलीही अशी मिशी कोठेतरी असते. कोणाला विशिष्ट महाविद्यालयाची असते, कोणाला इंग्रजी उच्चारांची, कोणाला वस्तीच्या नावाची. यावर उपाय साधा आहे. कामासाठी आवश्यक असे पाच-सहा प्रश्न आधी ठरवावेत, ते प्रत्येक उमेदवारास त्याच क्रमाने विचारावेत आणि प्रत्येक उत्तरास लगेच गुण द्यावेत. अशा आखीव मुलाखतीतून उमेदवाराच्या भावी कामाचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा अधिक अचूक येतो, असे मानसशास्त्रीय संशोधनातून वारंवार दिसून आले आहे.

काही व्यवहारोपयोगी गोष्टी

१. जाहिरात पूर्ण वाचावी. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ स्तरावरील अनेक पदांच्या मुलाखती बंद केल्या. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या आयबीपीएसमार्फत होणाऱ्या लिपिक वर्गाच्या भरतीतही मुलाखत नसते. परिवीक्षाधीन अधिकारी पदासाठी मात्र ती असते आणि अंतिम यादीत मुख्य परीक्षा व मुलाखत यांचे प्रमाण ८० : २० असे धरले जाते. म्हणजे मुलाखतीची भीती वाटणाऱ्यानेही आधी लेखी परीक्षेकडे लक्ष द्यावे.

२. लिपिक पदासाठी ज्या राज्यातून अर्ज करावयाचा त्या राज्याच्या राजभाषेचे वाचन, लेखन व संभाषण येणे अपेक्षित असते. भिलाई-दुर्ग परिसरातील मराठी कुटुंबांनी मुलांना घरी मराठी लिहिण्या-वाचण्याचा सराव ठेवला, तर हिंदीबरोबर महाराष्ट्राचे दारही उघडे राहते.

३. आयटीआय झालेल्यांनी शिकाऊ उमेदवारीचा विचार अवश्य करावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये ती विद्यावेतनासह मिळते. प्रत्यक्ष कामाचा अनुभव हा मुलाखतीतील सर्वांत भक्कम आधार होय. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळावर २०१५ पासून नोंदणीची सोय आहे.

४. अधिकृत परीक्षा शुल्काखेरीज नोकरीसाठी अनामत, प्रशिक्षण फी, गणवेशाचे पैसे अशी मागणी झाल्यास ती फसवणूक समजावी. पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या सायबर साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि शाखेस कळवावे.

५. “घरबसल्या काम आहे. तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा, दलाली ठेवा,” असा प्रस्ताव आला तर तो तत्काळ नाकारावा. पासबुक, एटीएम कार्ड किंवा सिम कार्ड कोणास वापरावयास देणे ही नोकरी नव्हे. फसवणुकीचा पैसा फिरविण्यासाठी अशी उसनी खाती वापरली जातात आणि तपास आला म्हणजे खातेदाराचे नाव पुढे येते. रामप्रसादने उसना कुर्ता घातला तेव्हा आपण हसलो. स्वतःचे नाव उसने देणाऱ्यास मात्र खाते गोठविले जाण्यापासून फौजदारी कारवाईपर्यंत सारे सोसावे लागते.

समारोप

त्या दिवशी शाखेतून निघण्यापूर्वी त्या मुलास एक छोटा अभ्यास दिला होता. रोज सायंकाळी वडिलांसमोर खुर्ची मांडून बसायचे. वडिलांनी तीनच प्रश्न विचारायचे : तू कोण, तुला काय येते आणि हे काम तुला का हवे. उत्तरे खरी असली पाहिजेत, एवढीच अट.

काही महिन्यांनी वडील पासबुक भरून घेण्यास आले तेव्हा त्यांनी आपणहून हकिगत सांगितली. पहिले तीन दिवस मुलगा खाली मान घालूनच बसला. चौथ्या दिवशी बोलता झाला. नंतर एका मुलाखतीत त्यास अपयश आले, दुसरीत त्याची निवड झाली. काम लहान आहे, पगारही बेताचा, परंतु नेमणूकपत्र खरे आहे. “साहेब,” ते म्हणाले, “तीन प्रश्न विचारता विचारता मलाच कळलं की पोराला काय काय येतं. इतकी वर्षं एका घरात राहून कधी विचारलंच नव्हतं.”

मुदत ठेव अजून तशीच आहे. तिची मुदत पूर्ण व्हावयास थोडा अवधी आहे.

नोकरीच्या शोधात असलेल्या आमच्या सर्व ग्राहकांच्या मुलामुलींना हार्दिक शुभेच्छा. आज घरी सायंकाळी एक खुर्ची मांडून पाहावी.